नुकसानीचा इंग्रजी अर्ज: ‘डॅमेज’ कुठे लिहायचं आणि कुठे नाही

जून लागला की फोंड्यातल्या माझ्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात एकाच तऱ्हेचे कागद येऊ लागतात. घरावर माड पडला, गडगा कोसळला, कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पाणी शिरून पोफळी आडव्या झाल्या, साकवावरून घसरून कुणाचा पाय मोडला. माणूस वही पुढे करतो, ‘बाय, हें मातशें इंग्लिशींत करून दी.’ वहीत मराठीत एकच शब्द असतो, नुकसान. घरातल्या शिकत्या मुलाने आधीच इंग्रजी करून दिलं असेल तर तिथेही एकच शब्द, डॅमेज.

एका कागदावर असं वाक्य होतं: ‘माय फादर वॉज डॅमेज्ड अँड अवर स्कूटर वॉज इंज्युर्ड.’ मुलगा बारावीचा. काळ बरोबर, क्रियापदाचं रूप बरोबर, स्पेलिंगही बरोबर. पण इंग्रजीत माणूस डॅमेज होत नाही आणि स्कूटरला इंज्युरी होत नाही. विमा कंपनीत हा कागद वाचणारा त्या ओळीपाशी थांबणार, आणि अर्ज वाचणारा जिथे थांबतो तिथूनच अर्ज परत येतो. त्या घरात कमावणारे एकटे वडील, आणि ते बांबोळीच्या इस्पितळात खाटेवर. अशा वेळी एका शब्दासाठी कुणाला दुसरी फेरी पडू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

लग्नाआधी मी पणजीत एका वकिलांकडे टायपिस्ट होते. डिक्टेशन देताना ते डॅमेज, लॉस, इंज्युरी या शब्दांपाशी हमखास थांबायचे आणि का थांबलो तेही सांगायचे. खाली आहे त्यातलं बरंचसं त्या टेबलापाशी शिकले, बाकीचं दुकानात.

आधी मराठी वाक्य नीट करा

पंचायत, तलाठी, मामलेदार, विभागीय कृषी कार्यालय यांना द्यायचा अर्ज असेल तर तो मराठीत द्यायला काहीच हरकत नाही. १९८७च्या राजभाषा कायद्याने गोव्यात देवनागरी कोकणी राजभाषा झाली, आणि त्याच कायद्याने सरकारी कामकाजात मराठी वापरण्याची मुभाही ठेवली. आपली व्यथा आपल्या भाषेत जेवढी चोख सांगता येते तेवढी दुसऱ्या भाषेत येत नाही. इंग्रजी लागते ती विमा कंपनीला, बँकेला, वकिलाच्या नोटिशीला उत्तर देताना, नाहीतर बाहेरच्या राज्यातल्या कंपनीशी पत्रव्यवहार करताना.

इंग्रजी करायचंच असेल तर पहिलं काम मराठीतच करा. आपल्या वाक्यातला ‘नुकसान’ हा शब्द खोडा आणि नेमकं काय झालं ते क्रियापदाने लिहा. बोलताना आपण हा भेद अगदी बरोबर पाळतो. ‘पायाचं नुकसान झालं’ असं कुणी म्हणत नाही, पायाला लागलं म्हणतो. कौलं फुटतात, भिंतीला तडा जातो, पंप भिजून बंद पडतो, धंदा बुडतो, पीक हातचं जातं, पाणी बाधतं. हा कान आपल्याला जन्मापासून आहे. इंग्रजी लिहायला बसलं की तो बंद होतो, आणि सगळ्यावर एकच शब्द ओढला जातो.

क्रियापद लिहिलंत की इंग्रजी शब्द जवळजवळ आपोआप ठरतो. फुटलं, मोडलं, वाकलं, भिजलं, तडा गेला आणि ते वस्तूचं असेल, तर डॅमेज. लागलं, मुरगळलं, हाड मोडलं, म्हणजे अंगाचं असेल, तर इंज्युरी. बुडालं, गेलं, हाती आलं नाही, म्हणजे खिशाचं किंवा पिकाचं असेल, तर लॉस. बाधलं, अपाय झाला, तर हार्म. हक्क डावलला गेला असेल तर पुन्हा इंज्युरी, पण वेगळ्या अर्थाने. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण तो भाग बहुतेकांना ठाऊक नसतो.

डॅमेज

स्पेलिंग डी, ए, एम, ए, जी, ई. मराठीत आपण डॅमेज म्हणतो, इंग्रजी उच्चार ‘डॅमिज’च्या जवळचा. भर पहिल्या अक्षरावर.

हा शब्द मोजता येत नाही. दहा ठिकाणी भिंत फुटली तरी ‘टेन डॅमेजेस’ होत नाही आणि ‘मेनी डॅमेजेस’ही होत नाही. ‘मच डॅमेज’, ‘अ लॉट ऑफ डॅमेज’, ‘एक्स्टेन्सिव्ह डॅमेज’, ‘सीव्हिअर डॅमेज’ हे बरोबर. दहाचा आकडा द्यायचा असेल तर तो वस्तूला लावा: ‘टेन टाइल्स वर डॅमेज्ड’.

त्याच्यापुढे ‘टू’ येतो, ‘ऑफ’ नाही. छपराचं नुकसान म्हणून आपण षष्ठी वापरतो, आणि त्यामुळे ‘डॅमेज ऑफ रूफ’ लिहिलं जातं. हवं ते ‘डॅमेज टू द रूफ’. कशामुळे झालं ते सांगायला ‘कॉज्ड बाय’: ‘डॅमेज टू द रूफ कॉज्ड बाय अ फॉलन कोकोनट ट्री’. थोडक्यात लिहायचं तर ‘स्टॉर्म डॅमेज’, ‘वॉटर डॅमेज’, ‘फायर डॅमेज’ असे जोडशब्दही चालतात.

माणसाला डॅमेज लावायचा नाही, पण माणसाच्या आतल्या अवयवांना डॉक्टर लावतात: लिव्हर डॅमेज, नर्व्ह डॅमेज, ब्रेन डॅमेज. डिस्चार्ज कार्डावर तसं असेल तर जसंच्या तसं उतरवा, बदलू नका. नावलौकिकालाही चालतो, ‘डॅमेज टू रेप्युटेशन’.

वस्तू पार गेली असेल तर डॅमेज्ड अपुरा पडतो, तिथे ‘डिस्ट्रॉइड’ हवा. हा फरक पैशांचा आहे. केंद्र सरकारच्या आपत्ती मदतीच्या निकषांत घरांचे प्रकार पाडलेले आहेत: पूर्ण पडलेलं, गंभीर नुकसान झालेलं, अंशतः नुकसान झालेलं. पक्क्या किंवा कच्च्या घराचं अंशतः नुकसान धरायला किमान १५ टक्के नुकसान दिसावं लागतं. त्याच निकषांत शेतीसाठी मात्र शब्द ‘क्रॉप लॉस’ असा आहे, आणि मदतीला पात्र व्हायला तो ३३ टक्के किंवा त्याहून जास्त लागतो. घराला डॅमेज, पिकाला लॉस. सरकारने स्वतःच्या मसुद्यात जो भेद पाळला आहे तो आपणही पाळायला हवा. म्हणून नुसतं ‘हाउस डॅमेज्ड’ लिहून थांबू नका. स्वयंपाकघराची मागची मातीची भिंत पूर्ण पडली, वाशांपैकी अमुक मोडले, हे लिहा. टक्केवारी पंचनाम्याला येणारा ठरवेल, पण त्याला काय बघायचं ते तुमच्या ओळीने दाखवलं पाहिजे.

भाड्याच्या घरांच्या भांडणात आणखी एक जोडी येते. आपल्याकडच्या पावसात भिंतीला बुरशी येणं, रंग उडणं, बिजागरी गंजणं हे वापराने आणि हवेने होणारं आहे, त्याला ‘वेअर अँड टेअर’ म्हणतात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८मध्ये भाडेकरूने जागा चांगल्या स्थितीत परत करावी असं आहे, पण वाजवी झीज त्यातून वगळलेली आहे. कुणी डिपॉझिटमधून ‘डॅमेज’ म्हणून पैसे कापत असेल तर पत्रात विचारा, हे डॅमेज आहे की वेअर अँड टेअर? दोन शब्द समोरासमोर ठेवले की बोलणं मुद्द्यावर येतं.

हा शब्द आला कुठून

लॅटिनमध्ये ‘दाम्नुम’ म्हणजे तोटा, आणि दंडही. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘दाम’, त्याला प्रत्यय लागून ‘दामाज’, आणि तिथून तेराशेच्या सुमारास इंग्रजीत डॅमेज. १०६६मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर कित्येक पिढ्या तिथल्या दरबाराची आणि कोर्टाची भाषा फ्रेंच होती. म्हणून डॅमेज हा शब्द सुरुवातीपासून कचेरीतला, मोजमापाचा, भरपाईचा. याउलट ‘हार्म’ हा जुन्या इंग्रजीतला घरचा शब्द, ‘हेआर्म’, आणि त्यात दुःखाचा, यातनेचा अर्थ होता. आजही हार्मच्या मागे रुपयांचा आकडा सहज बसत नाही, डॅमेजच्या मागे बसतो.

याच दाम्नुमच्या कुळातले इतर शब्द आपण रोज ऐकतो. शाप द्यायचा ‘डॅम’ त्यातलाच. मोडकळीला आलेली सरकारी इमारत इंजिनिअर ‘कंडेम’ करतात तो शब्दही. आणि विम्याच्या कागदावरचा ‘इंडेम्निटी’, म्हणजे नुकसान उरू न देणं. विम्याचं सगळं गणित त्या एका शब्दात आहे: अपघाताच्या आदल्या दिवशी तुम्ही जिथे होता तिथे तुम्हाला परत नेऊन सोडायचं, त्याहून खाली नाही आणि वरही नाही. जुन्या स्कूटरच्या जागी नवी मिळत नाही ती यामुळे.

आमच्याकडे जुने दस्त घेऊन येणारे लोक पोर्तुगीज कागद आणतात. त्यात ‘दानु’ दिसतो, तो याच दाम्नुमचा वंशज, आणि ‘पेर्दश इ दानुश’ हा जोडशब्द दिसतो, म्हणजे तोटा आणि नुकसान. इंग्रजी करारात ‘लॉस ऑर डॅमेज’ येतं तसंच हे. दोन्हीकडे दोन शब्द बरोबर ठेवले आहेत, कारण मोडलेली वस्तू वेगळी आणि त्यापायी बुडालेले पैसे वेगळे.

एक ‘एस’ लागला की

डॅमेजला अनेकवचन नाही असं वर लिहिलं. मग कायद्यात ‘डॅमेजेस’ दिसतो तो काय? तो वेगळा शब्दच समजा. डॅमेजेस म्हणजे नुकसान झालं म्हणून कोर्टाने द्यायला लावलेले पैसे. साधारण १४००पासून इंग्रजीत हा अर्थ चालत आला आहे. त्यामुळे ‘माय हाउस सफर्ड डॅमेजेस’ लिहिलंत तर घराला भरपाई भोगावी लागली असा काहीतरी अर्थ होतो, आणि ‘प्लीज पे मी डॅमेज’ म्हटलंत तर मला मोडतोड द्या असा.

पंचायतीकडे, कृषी खात्याकडे किंवा विमा कंपनीकडे डॅमेजेस मागू नका. तिथे ‘कॉम्पेन्सेशन’, ‘रिलीफ’ किंवा ‘क्लेम’ हा शब्द. डॅमेजेस मागायचे ते कोर्टात किंवा वकिलाच्या नोटिशीत, ज्याच्या चुकीमुळे झालं त्याच्याकडून. पीक गेल्यावर सरकारी मदत देणाऱ्या शेतकरी आधार निधीच्या अर्जात डॅमेजेस लिहिलं तर सरकारनेच तुमचं पीक बुडवलं असा आरोप होतो, आणि तुम्हाला तर फक्त मदत हवी असते.

भारतीय करार कायदा, १८७२, याचं कलम ७३ सांगतं की करार मोडल्यामुळे सहजपणे होणारं नुकसान, किंवा करार करताना दोघांनाही ठाऊक असलेलं नुकसान, एवढ्याचीच भरपाई मिळते. यामागे १८५४चा हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल हा इंग्लिश खटला आहे. ग्लॉस्टरमधल्या एका गिरणीचा दांडा मोडला, तो नमुन्यासाठी पाठवायला वाहतूकदाराकडे दिला, त्याने उशीर केला, गिरणी बंद राहिली. गिरणीवाल्यांनी बुडालेला नफा मागितला. कोर्टाने दिला नाही, कारण दांड्याशिवाय गिरणी बंदच राहणार हे वाहतूकदाराला कळवलेलं नव्हतं.

काजूची भट्टी चालवणाऱ्यांना मी हा खटला आवर्जून सांगते. हंगाम जेमतेम मार्च ते मे. भाण, म्हणजे रस उकळायचं भांडं, दुरुस्तीला दिलं आणि ते वेळेत आलं नाही तर बोंडू तिथेच कुजतात. म्हणून देतानाच चिठ्ठीवर लिहा: हे अमुक तारखेला परत मिळालं नाही तर भट्टी बंद राहील आणि हंगाम बुडेल. मराठीत लिहा, पण लिहा, आणि त्याची सही घ्या. ती एक ओळ असेल तर पुढे बुडालेल्या कमाईबद्दल बोलायला जागा राहते.

इंज्युरी: अंगाची आणि हक्काची

अंगाची इंज्युरी सोपी आहे. ती मोजता येते: ‘वन इंज्युरी’, ‘टू इंज्युरीज’. पुढे ‘टू’: ‘इंज्युरी टू द लेफ्ट नी’. क्रियापद ‘सस्टेन्ड’ किंवा ‘सफर्ड’. डावा की उजवा हे लिहायला लोक नेहमी विसरतात. कामावर असताना लागलं असेल तर १९२३च्या कर्मचारी भरपाई कायद्यातले शब्द महत्त्वाचे (नोव्हेंबर २०२५मध्ये त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण हे शब्द तिथेही आहेत): अपघात नोकरीतून उद्भवलेला आणि नोकरी चालू असताना झालेला हवा. तेव्हा तुम्ही त्या वेळी कोणतं काम करत होता, कुणी सांगितलं होतं, किती वाजले होते, हे आधी लिहा आणि इंज्युरी मग.

आता दुसरा अर्थ. लॅटिनमध्ये ‘युस’ म्हणजे हक्क, न्याय. त्याला नकाराचा ‘इन’ लागून ‘इन्युरिया’, म्हणजे न्यायाला सोडून केलेलं. इंज्युरी हा शब्द तिथला. जखम हा अर्थ नंतर चिकटला, मूळ अर्थ अन्याय. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४पासून लागू आहे. तिच्यात, आणि त्याआधीच्या दंडसंहितेतही, इंज्युरीची व्याख्या अशी आहे की कुणाच्याही शरीराला, मनाला, लौकिकाला किंवा मालमत्तेला बेकायदेशीरपणे केलेला कोणताही अपाय. यातला जीव ‘बेकायदेशीरपणे’ या शब्दात आहे.

म्हणजे दाम्नुम आणि इन्युरिया ही दोन वेगळी मापं आहेत. तोटा झाला का, आणि हक्क मोडला का. रोमन लोकांनी ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात आक्विलियाचा कायदा केला. दुसऱ्याची गुरं मारणं, दुसऱ्याची वस्तू मोडणं यासाठीचा. त्यात ही दोन्ही मापं एकत्र लागायची: अन्यायाने केलेला तोटा. नुसता तोटा पुरेसा नव्हता.

इंग्लंडमध्ये १४१०मध्ये ग्लॉस्टरच्याच दोन शाळामास्तरांनी तक्रार केली. शेजारी दुसऱ्या मास्तरने शाळा काढली, त्यामुळे तिमाहीची फी चाळीस पेन्सवरून बारा पेन्सवर आली. तोटा खरा होता. पण शाळा काढणं बेकायदेशीर नव्हतं, म्हणून कोर्टाने काही दिलं नाही. याउलट १७०३चा अ‍ॅशबी विरुद्ध व्हाइट. अ‍ॅशबीला मत देऊ दिलं नाही. त्याचा उमेदवार तरीही निवडून आला, म्हणजे पैशाचा तोटा शून्य. तरीही निकाल शेवटी अ‍ॅशबीच्या बाजूने लागला, कारण हक्क मोडला होता.

हे इतक्या लांबून आणण्याचं कारण, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी इथेच अडतात. ‘समोर दुसरं दुकान झालं, माझं नुकसान झालं.’ काका, तोटा झाला हे खरं, पण त्याच्याकडे परवाना आहे, तुमचा हक्क मोडलेला नाही, अर्ज करून उपयोग नाही. आणि याच्या उलट, कुणाची पिढ्यान्‌पिढ्यांची पायवाट कुंपण घालून बंद केलेली असते, आणि तो म्हणतो, ‘तसं नुकसान काय नाही, जरा वळसा पडतो.’ त्याचीच केस खरी असते! त्याच्या अर्जात तोट्याचा आकडा शोधत बसू नये. वाट कधीपासून आहे, कोण वापरतं, कधी बंद झाली हे लिहावं.

खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीत, हे सगळे शब्द एकाच रात्रीत लागतात, म्हणून तेच उदाहरण घेते. भरतीच्या पाण्याने बांधाला भगदाड पडलं: ‘डॅमेज टू द बंड’. खारं पाणी शिरून उभं भात गेलं: ‘लॉस ऑफ द स्टँडिंग पॅडी क्रॉप’. मातीत मीठ बसून पुढचा हंगामही धोक्यात आला: ‘डॅमेज टू द सॉइल’, आणि त्याचा लॉस वेगळा मांडायचा. इथवर निसर्गाचं काम, अर्ज मदतीचा. पण मासळीसाठी कुणी मानशीची, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडायच्या वाटेची, दारं मुद्दाम उघडी ठेवली आणि त्यामुळे पाणी आत आलं, तर मोडतोड तीच, पीक तेच, तरीही आता ती इंज्युरी झाली. अर्जाच्या जागी तक्रार आली, आणि पोलिसांच्या कागदावर ‘मिस्चीफ’ हा शब्द येऊ शकतो.

मिस्चीफवरून घाबरू नका आणि हसूही नका. शाळेत मिस्चीफ म्हणजे खोडी. कायद्यात, न्याय संहितेच्या कलम ३२४मध्ये, नुकसान करण्याच्या इराद्याने किंवा ते होईल हे ठाऊक असून मालमत्तेची नासधूस करणं हा गुन्हा. बस थांब्याची शेड, पथदिवा अशी सार्वजनिक वस्तू फोडली तर त्यासाठी १९८४चा सार्वजनिक मालमत्तेचा स्वतंत्र कायदाही आहे.

हर्ट

हाही फ्रेंचमधून आला, मूळ अर्थ धडक मारणं. रोजच्या इंग्रजीत दुखणं किंवा मन दुखावणं. तिन्ही काळांत रूप एकच, ‘हर्टेड’ असं काही नसतं. कायद्यात मात्र न्याय संहितेच्या कलम ११४प्रमाणे शारीरिक वेदना, आजार किंवा अशक्तपणा आणणं म्हणजे हर्ट, आणि कलम ११६मध्ये ‘ग्रीव्हस हर्ट’चे प्रकार मोजून दिले आहेत. हाड किंवा दात मोडणं, निखळणं त्यात येतं. पंधरा दिवस तीव्र वेदना असणं किंवा रोजचे व्यवहार करता न येणंही येतं. जुन्या दंडसंहितेत हे वीस दिवस होते.

तक्रारीत ‘ग्रीव्हस हर्ट’ हे शब्द आपण घालायचे नाहीत, ते ठरवणं पोलिसांचं आणि डॉक्टरांचं. आपण घटना लिहायची: कशाने मारलं, कुठे लागलं, एक्स-रेत काय आलं, किती दिवस कामावर जाता आलं नाही. त्या दिवसांचा आकडा का महत्त्वाचा ते वर आलंच.

लॉस, हार्म, आणि एक फसवा शब्द

लॉसमध्ये दोन एस, ‘लूज’ म्हणजे सैल त्यात दोन ओ. ‘लॉस ऑफ’ इथे ‘ऑफ’ बरोबर: ‘लॉस ऑफ इन्कम’, ‘लॉस ऑफ क्रॉप’. आकडा थेट जोडता येतो, ‘अ लॉस ऑफ रुपीज फॉर्टी थाउजंड’. पिसुर्ले, पाळी भागात शेतात खाणीचा गाळ येतो तेव्हा गाळ हे जमिनीचं डॅमेज आणि न आलेलं भात हा लॉस. दोन्ही वेगळ्या ओळींत मांडा, नाहीतर एकाचेच पैसे मिळतात.

हार्म अर्जात फारसा लागत नाही. आरोग्य, पर्यावरण, मुलं, बदनामी अशा ठिकाणी तो योग्य.

फसवा शब्द म्हणजे ‘विदाउट प्रेजुडिस’. विमा कंपनीच्या पत्रावर किंवा नुकसान मोजायला येणाऱ्या सर्व्हेअरच्या अहवालावर हे छापलेलं असतं. पूर्वग्रह असा अर्थ लावून लोक रागावतात. इथे प्रेजुडिस म्हणजे हक्काला बाधा. पोर्तुगीज जाणणाऱ्या जुन्या मंडळींना हे पटकन समजतं, कारण तिकडे ‘प्रेझुईझु’ म्हणजे नुकसानच. पत्राचा अर्थ एवढाच की या कागदाने आम्ही काही कबूल केलेलं नाही आणि आमचे हक्क शाबूत आहेत. तुम्हीही तडजोडीच्या पत्रावर ते लिहू शकता.

एक अर्ज, आधी आणि नंतर

२३ जुलै २०२१ला गोव्यात मोठा पूर आला, १९८२नंतरचा सर्वात वाईट असं तेव्हा सांगितलं गेलं. खांडेपारकडच्या एका भाटकार, म्हणजे जमीनदार, नसलेल्या, स्वतः राबणाऱ्या बाईंचा कागद असा होता: ‘ड्यू टू फ्लड माय प्रॉपर्टी अँड फॅमिली गॉट मेनी डॅमेजेस. काइंडली गिव्ह डॅमेज.’ त्यांना मी समोर बसवलं आणि मराठीत विचारत गेले. काय पडलं? मागची भिंत. काय बंद पडलं? पंप. काय गेलं? पोफळी मुळासकट. कुणाला लागलं? सासूबाई घसरल्या, उजवं मनगट. बुडालं काय? यंदाची सुपारी. मग असं झालं:

‘ऑन ट्वेंटी-थर्ड जुलै फ्लडवॉटर एंटर्ड माय हाउस अँड एरिकानट प्लांटेशन. द रिअर मड वॉल ऑफ द हाउस कोलॅप्स्ड अँड द पंप सेट वॉज डॅमेज्ड. सेव्हरल एरिकानट पाम्स वर अपरूटेड. माय मदर-इन-लॉ स्लिप्ड अँड सस्टेन्ड अ‍ॅन इंज्युरी टू हर राइट रिस्ट. आय हॅव ऑल्सो सफर्ड द लॉस ऑफ धिस सीझन्स क्रॉप. आय रिक्वेस्ट यू टू इन्स्पेक्ट द डॅमेज अँड सँक्शन द कॉम्पेन्सेशन अ‍ॅडमिसिबल.’

यात डॅमेजेस एकदाही नाही. ‘सेव्हरल’च्या जागी नेमका आकडा त्या घरी जाऊन मोजून आल्या आणि आम्ही तो हाताने भरला. प्रत्येक वस्तूचा फोटो ज्या क्रमाने वाक्यं आहेत त्याच क्रमाने मागे लावला, म्हणजे वाचणाऱ्याला शोधावं लागत नाही. फोटोखाली तारीख आणि सर्व्हे नंबर. अर्जाच्या दोन प्रती काढा. एक देऊन टाका, दुसरीवर इनवर्ड नंबर आणि शिक्का पडला आहे ना ते काउंटरवर उभं राहूनच बघा, आणि तो दिसत नसेल तर तिथेच मागून घ्या.